भाव कळला, तरी गाडी वाशीलाच

एप्रिलमधली पहाट होती. चेंबूरहून लोकलने वाशीला उतरून रिक्षाने कांदा-बटाटा मार्केटला पोचले, तोवर मामांची गाडी उतरून झाली होती. गाळ्यासमोर ११२ गोण्यांची थप्पी, त्यातल्या दोन फोडून माल फळीवर पसरलेला. मामा बाजूला उभे राहून फोन बघत होते. मला पाहताच त्यांनी स्क्रीन माझ्यापुढे धरली. गावाकडच्या ग्रुपवर बाजारभाव आले होते. वाशी किमान ११, कमाल १७, सर्वसाधारण १४ रुपये किलो. ओतूर, एक नंबर माल, दहा किलोला १३०. खाली मंचर, पुणे, लासलगाव, सोलापूर.

"हे बघ," मामा म्हणाले, "सगळ्या महाराष्ट्राचा भाव माझ्या खिशात आहे."

दोन तासांनी हातात हिशोबपट्टी पडली, तेव्हा एक नंबरला १२ लागला होता.

मी मुंबईत एका वित्तसंस्थेत शेतीकर्जाच्या फायली तपासते. शेतकऱ्याला भाव कळत नाही म्हणून तो नाडला जातो, हे वाक्य मी किती प्रस्तावांत वाचलंय त्याची गणती नाही. माझ्या मामांना भाव कळत होता, आणि तोही गाडी भरायच्या आधी. तरी असं का झालं, हे समजून घ्यायला मी पुढचे काही महिने त्यांच्या वह्या आणि पट्ट्या घेऊन बसले. हे प्रकरण त्या कागदांवरून लिहिलंय. आकडे थोडे गोल केले आहेत. वर्ष आणि गाळा मुद्दाम सांगत नाही, कारण त्यावरून माणसं ओळखता येतील.

एक पट्टी

मामांचं गाव जुन्नर तालुक्यात, ओतूरच्या बाजूला. दोन एकर उन्हाळ कांदा, त्याआधी खरिपात सोयाबीन. त्या दिवशीची गाडी ५८ क्विंटलची. पट्टीवर एक नंबर ३८ क्विंटल १,२०० रुपयांनी, त्याहून लहान गोल्टा १४ क्विंटल ९०० ने आणि सगळ्यात बारीक गोल्टी ६ क्विंटल ५०० ने लागली होती. एकूण ६१,२०० रुपये. त्यातून गाडीभाडं गोणीला ६५ प्रमाणे ७,२८०, हमाली-तोलाई-वराई मिळून १,५२०. उरले ५२,४००.

आडतीची, म्हणजे माल विकून देणाऱ्या आडत्याच्या दलालीची ओळ पट्टीवर नव्हती, आणि ते बरोबरच आहे. २०१६ मध्ये राज्य सरकारने फळं-भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनातून काढला, तेव्हापासून आडत शेतकऱ्याच्या पट्टीतून न कापता खरेदीदाराने द्यायची आहे. हमालीबद्दलही माझी तक्रार नाही. माथाडी कामगारांची मजुरी १९६९ च्या कायद्याने आणि मंडळाने बांधलेली आहे आणि ती त्यांच्या घामाची आहे.

पट्टीच्या अगदी तळाला मात्र पेनाने एक ओळ लिहिली होती: "उचल वजा ४०,०००". मामांच्या हातात १२,४०० रुपये पडले.

तोच माल त्या दिवशी ओतूरला नेला असता तर? मामांच्या शेजाऱ्याने त्याच दिवशी, त्याच बियाण्याचा कांदा तिथे विकला होता, त्यामुळे अंदाज बांधणं सोपं गेलं. एक नंबरला १,३००, गोल्ट्याला १,०००, गोल्टीला तेच ५००. एकूण ६६,४००. भाडं गोणीला १२ रुपये, हमाली वगैरे हजारभर. हातात साधारण ६४,०००. एका गाडीमागे फरक ११,६०० रुपयांचा.

हा सगळा फरक आडत्याने खाल्ला असं म्हणणं अन्यायाचं होईल. जवळपास सहा हजार निव्वळ अंतराचे आहेत. उरलेले पाच-साडेपाच हजार भाव आणि प्रतवारीतले. ग्रुपवरचा "कमाल १७" हा भाव बहुतेक मोजक्या गोण्यांना मिळालेला असतो, आणि "सर्वसाधारण" भावात कुणाचा माल कसा होता हे कळत नाही. तरीही त्या थप्पीतला कांदा मी हातात घेऊन पाहिला होता. पत्ती चांगली, रंग चांगला, मान वाळलेली. तो १२ चा माल नव्हता, आणि मामांनाही ते ठाऊक होतं. पण घासाघीस करायला ते पुढे झाले नाहीत, गाळ्याच्या कडेला उभेच राहिले.

मार्चअखेर

कारण मार्चमध्ये होतं. मामांचं गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज १,४०,००० रुपयांचं. वेळेत फेडलं तर केंद्राची आणि राज्याची व्याजसवलत मिळून तीन लाखांपर्यंत व्याज शून्यावर येतं. कागदावर याहून स्वस्त पैसा जगात नसेल. अट एकच, ३१ मार्चच्या आत भरायचं.

मामांचं पीक ३१ मार्चला जमिनीत असतं. पात पडायला लागलेली, काढणीला आठ-पंधरा दिवस बाकी. सोयाबीनचे पैसे कांद्याच्या लागवडीत, मजुरीत आणि खतात गेलेले. म्हणजे वर्षभरात घरात सगळ्यात कमी पैसा असतो, नेमक्या त्या आठवड्यात सगळ्यात मोठा हप्ता भरायचा. गावात याला नवं-जुनं करणं म्हणतात. कुठून तरी हातउसने आणायचे, जुनं कर्ज भरायचं, नवं मंजूर झालं की उसने फेडायचे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात गावोगाव हीच धावपळ असते. कुणी सोनं ठेवतं, कुणी पाहुण्यांकडे जातं.

मामांकडे ४०,००० होते. उरलेल्या लाखासाठी त्यांनी वाशीच्या आडत्याला फोन केला, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे खात्यात आले. कागद नाही, जामीन नाही, व्याजाचा शब्द नाही. "माल आपल्याकडंच उतरवा" एवढंच बोलणं. सोसायटीचं नवं कर्ज खात्यात पडायला मे महिना उजाडला. तोवर तीन गाड्या वाशीला गेल्या होत्या आणि उचल फिटली होती. तिन्ही गाड्यांचा फरक मी ओतूरच्या भावाशी लावून पाहिला. २७,००० रुपये झाला. म्हणजे लाखाच्या उचलीची सहा आठवड्यांची किंमत २७,०००, आणि तीही फेडत-फेडत आणलेल्या रकमेवर. हे व्याज कुठेच लिहिलेलं नाही. ते भाड्यात आहे, भावात आहे, आणि "आज माल जास्त आलाय, घ्या गोड मानून" या वाक्यात आहे.

शून्य टक्क्याचं कर्ज टिकवण्यासाठी हा खर्च झाला, हे मला फार लागलं. ज्या टेबलावर बसून मी फायली तपासते, तिथे मामांचं खातं "नियमित परतफेड" म्हणून हिरव्या रंगात दिसलं असतं.

ऑक्टोबरमध्ये चेंबूर स्टेशनबाहेर मी कांदा ६० रुपये किलोने घेतला. मामांच्या बराखीत, म्हणजे कांदा साठवायच्या चाळीत, तेव्हा २० क्विंटल उरला होता.

भाव पोचवण्याचे प्रयोग

आपल्याकडे भाव पोचवायचं काम थोडंथोडकं झालेलं नाही. केंद्राचं अॅगमार्कनेट हे बाजारभावांचं संकेतस्थळ २००० पासून आहे. राज्याचं पणन मंडळ रोज बाजारनिहाय आवक आणि दर टाकतं. १४ एप्रिल २०१६ ला बाजार समित्यांना जोडणारा ई-नाम हा ऑनलाइन बाजार आला. त्याआधी २००७ मध्ये महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाइट नावाची सेवा निघाली होती. शेतकऱ्याने पैसे भरायचे आणि आपल्या पिकाचा भाव, हवामान, सल्ला मोबाइलवर एसएमएसने घ्यायचा. तिचा उपयोग होतो का, हे मार्सेल फाफशॉम्प आणि बार्ट मिंटेन या अर्थशास्त्रज्ञांनी आपल्याच राज्यातल्या १०० गावांत तपासलं. कांदा, टोमॅटो, डाळिंब, गहू आणि सोयाबीन ही पिकं घेतली. काहींना सेवा फुकट दिली, काहींना दिली नाही. २०१२ मध्ये निष्कर्ष छापून आला: शेतकऱ्याला मिळालेल्या भावात सरासरी काही ठळक फरक पडला नाही. पश्चिम बंगालमध्ये बटाटा उत्पादकांना रोजचा भाव कळवून पाहिला, तिथेही व्यापाऱ्यांच्या नफ्याला सरासरी धक्का लागला नाही.

उलटी उदाहरणंही आहेत, आणि ती मला तितकीच महत्त्वाची वाटतात. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात मोबाइल आला. रॉबर्ट जेन्सन यांनी दाखवलं की तारली घेऊन येणाऱ्या होड्या समुद्रातूनच भाव विचारून बंदर ठरवू लागल्या. एका बंदरावर मासळी फेकून देणं आणि शेजारच्या बंदरावर टंचाई, हे थांबलं. मासेमाराचा नफा वाढला आणि गिऱ्हाइकाला मासळी स्वस्त मिळाली. मध्य प्रदेशात गावातच संगणकावर भाव दाखवणाऱ्या ई-चौपालच्या केंद्रांमुळे सोयाबीनचा भाव थोडा का होईना चढला. पण तिथे नुसता आकडा सांगितला जात नव्हता. केंद्र चालवणारी कंपनी स्वतः माल घ्यायला उभी होती.

हे वाचताना माझ्या डोळ्यांपुढे मामांची गाडी येते. होडीचं सुकाणू मासेमाराच्या हातात होतं, म्हणून भाव कळल्यावर तो वळू शकला. मामांच्या गाडीचं सुकाणू २७ मार्चलाच दुसऱ्याच्या हातात गेलं होतं. एप्रिलमध्ये आलेल्या भावाने ती कशी वळणार?

आडत्याला काय माहीत असतं

त्या आडत्याला मी एकदा भेटले. साठीचा माणूस, गाळ्यातल्या गादीवर बसलेला, मागे पाटावर लक्ष्मीचा फोटो. मी भांडायच्याच तयारीने गेले होते. त्यांनी चहा मागवला आणि कपाटातून कापडी बांधणीची एक वही काढली. मामांच्या नावाचं पान होतं. चौदा वर्षांतली प्रत्येक गाडी त्यात होती. किती गोण्या, कोणती प्रत, काय भाव, कोणत्या महिन्यात, उचल किती दिली आणि किती दिवसांत फिटली. एका वर्षी गारपिटीने माल गेला, तेव्हाचे ३०,००० पुढच्या वर्षी ओढले होते.

"तुमच्या मामांनी कधी पैसा बुडवला नाही," ते म्हणाले. "म्हणून फोनवर दिला. बुडवणारेही आहेत. दर हंगामात माझे दोन-तीन जण बुडवतात."

ते पान बघून माझ्या एक गोष्ट लक्षात आली आणि ती अजून मनातून जात नाही. माझ्या संस्थेकडे मामांबद्दल याच्या दहाव्या हिश्शाइतकीही माहिती नाही. आम्ही सातबारा मागतो, आठ-अ मागतो, बाकी नसल्याचे दाखले मागतो. जमीन किती हे कळतं. पण हा माणूस दरवर्षी २०० क्विंटलच्या वर कांदा काढतो, त्याचा माल एक नंबरचा असतो, तो वेळेवर पैसे फेडतो, गारपिटीच्या वर्षीचेही पुढच्या वर्षी देतो, हे आम्हाला दिसत नाही. हे सगळं हिशोबपट्ट्यांत आहे, आणि पट्टी आजवर कुठल्या कर्जाच्या फायलीला जोडलेली मी पाहिलेली नाही. आपण बाजाराची माहिती शेतकऱ्यापर्यंत नेली. शेतकऱ्याची माहिती सावकारीबाहेरच्या पैशापर्यंत नेलीच नाही. ती फक्त आडत्यापर्यंत गेली, म्हणून पैसा आडत्याकडूनच आला. एका फोनवर, विश्वासावर आणि महाग.

वाशीचं मार्केट आणि वांद्रे-कुर्ला संकुलातलं नाबार्ड या शेतीकर्जाच्या शिखर बँकेचं मुख्यालय यांत तासाभराचं अंतर. रिझर्व्ह बँक त्याहून थोडी पुढे, फोर्टात. शेतीकर्जाचे नियम याच शहरात लिहिले जातात आणि राज्यभरच्या कांद्याची आवकही याच शहराच्या वेशीवर रोज पहाटे मोजली जाते. या दोन कागदांची कधी गाठ पडत नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

दुसरं वर्ष

पुढच्या हंगामाआधी, दिवाळीत, मी गावी गेले. मामांपुढे सगळा हिशोब मांडला. २७,००० चा आकडा ऐकून मामी म्हणाल्या, "एवढ्यात लेकीची वर्षाची फी झाली असती." मामा काही बोलले नाहीत. वही पुढे ओढून त्यांनी तो आकडा स्वतः पुन्हा मांडून पाहिला.

सगळ्यात आधी डोक्यात आलं तारण. पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना १९९०-९१ पासून आहे. माल बाजार समितीच्या गोदामात ठेवायचा, किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत कर्ज घ्यायचं, सहा महिन्यांसाठी, ६ टक्के व्याजाने. पण ती सोयाबीन, तूर, हरभरा, हळद अशा टिकाऊ मालासाठी. कांदा त्यात बसत नाही, आणि का बसत नाही हे कुणालाही कळेल. बराखीत कांदा वजनाने घटतो, मोड येतात, सडतो. चार-सहा महिन्यांत तिसरा हिस्सा गेला तरी नवल नाही. पण त्यामुळे होतं असं की फोनवर कांद्याला रोज भाव असतो आणि कर्ज देणाऱ्याच्या लेखी घरात भरलेल्या कांद्याची किंमत शून्य.

मग कांद्याला सोडून सोयाबीनकडे वळलो. मामा दरवर्षी सोयाबीन खळ्यावरूनच विकायचे, कारण कांद्याच्या लागवडीला पैसे लागायचे. त्या वर्षी २४ क्विंटल सोयाबीन समितीच्या गोदामात गेलं. भाव ४,२०० धरून ७५,६०० रुपये मिळाले. लागवड त्यात झाली आणि घरातली शिल्लक हात न लावता राहिली. मार्चमध्ये सोयाबीन ४,४०० ने विकलं. तारण आणि पाच महिन्यांचं १,८९० रुपये व्याज फेडून २८,००० हातात आले. त्या वर्षी सोयाबीन दोनशेने चढलं म्हणून हे जमलं. पडलं असतं तर तारणाने मामांना वेळ मिळाला असता, पैसे मिळाले नसते. हे मी त्यांना आधीच सांगितलं होतं.

दुसरा बदल मला जास्त मोलाचा वाटतो, आणि त्याला एक रुपयाही लागला नाही. मामांचं सगळं पीककर्ज खरिपात काढलेलं असायचं, म्हणून परतफेड ३१ मार्चला. रब्बीच्या पिकावर काढलेल्या कर्जाची मुदत ३० जूनपर्यंत असते. कांदा रब्बीचा. सोसायटीच्या सचिवांकडे तीन खेपा झाल्या. "सगळे असंच काढतात," हे पहिल्या दोन खेपांचं उत्तर. तिसऱ्या खेपेला त्यांनी निम्मं कर्ज रब्बीकडे वळवलं. मार्चअखेर १,४०,००० ऐवजी ७०,००० भरायचे राहिले. २८,००० सोयाबीनचे, ४२,००० घरचे. उचल घ्यावी लागली नाही.

केनियात याच धर्तीचा एक मोठा प्रयोग झालाय. तिथे मका काढणीला आला की भाव पडलेला असतो आणि जानेवारीत मुलांची शाळेची फी भरायची असते, म्हणून शेतकरी स्वस्तात मका विकतात आणि काही महिन्यांनी खायला महाग मका विकत घेतात. काढणीच्या वेळीच कर्ज दिलं तेव्हा त्यांनी मका साठवला, नंतर विकला आणि कर्ज फेडूनही त्यांचा फायदा झाला. २०१९ मध्ये छापलेल्या त्या अभ्यासात आणखी एक गोष्ट आहे: जिथे बऱ्याच जणांना कर्ज मिळालं, तिथे काढणीच्या वेळचा भाव फारसा पडला नाही आणि कर्ज न घेतलेल्या शेजाऱ्यांनाही त्याचा लाभ झाला. जानेवारीची फी आणि मार्चअखेरची सोसायटी, दोन्हींचं दुखणं एकच.

एप्रिलमध्ये काढणी सुरू असताना आडत्यांचा फोन आला. मी तेव्हा गावीच होते. मामा बराखीजवळ पात कापत बसले होते. त्यांनी विळा खाली ठेवून फोन स्पीकरवर टाकला.

"गाडी कधी भरताय?"

"एक नंबरला काय निघंल, शेठ?"

"आवक जोरात आहे. बारा-साडेबारा."

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कांद्याच्या ढिगाकडे पाहिलं.

"मग राहू द्या शेठ. बराखीत टाकतो."

पलीकडे थोडा वेळ कुणीच बोललं नाही. मागे हमालांची हाक आणि काट्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मग शेठ म्हणाले, "थांबा, उद्या सकाळी सांगतो." सकाळी सहाला भाव १४ झाला होता. ग्रुपवरचे आकडे आदल्या दिवशीचेच होते.

मामांनी ५० गोण्या भरल्या आणि वाशीलाच पाठवल्या. आडत्याला तोडायचं नाही, हे त्यांनी पहिल्यापासून सांगितलं होतं, आणि मला ते पटलं. गारपिटीच्या वर्षी थांबणारा माणूस तोच होता. काही माल ओतूरला गेला. बाकीचा बराखीत.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मामांचं गणित सोपं आहे: भाव चढायच्या आत किती सडेल. त्याचं उत्तर कुठल्याच संदेशात येत नाही, आणि दिल्लीहून काय निघेल याचंही येत नाही. डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी आली, तेव्हा आदल्या दिवशीचे सगळे भाव एका रात्रीत निरुपयोगी झाले होते. बराख भरून ठेवणाऱ्याने ती जोखीम एकट्याने उचललेली असते.

आज मेचा तिसरा आठवडा आहे. मामांच्या वहीत आता चार रकाने आहेत: ग्रुपवरचा भाव, पट्टीवरचा भाव, भाडं-हमाली जाऊन हातात आलेला, आणि पैसे कधी आले ती तारीख. जुन्या चौदा वर्षांच्या पट्ट्या मी स्कॅन करून आमच्या संस्थेतल्या वरिष्ठांना दाखवल्या. पीककर्जाच्या फायलीला जोडायला तूर्त त्यांना जागा नाही, पण त्यांनी त्या ठेवून घेतल्या आहेत. बराखीत ८० क्विंटल कांदा आहे. ३० जूनला ७०,००० भरायचे आहेत. काल रात्री मामांचा फोन आला होता, पाऊस लवकर येतोय का विचारायला.